चूक सांगण्याइतका विश्वास

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी स्कूटरचा आरसा फुटल्याचे मुलीने दोन दिवस लपवले, तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला धास्ती नुकसानीची नव्हती, माझ्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्याची होती. म्हणून सुरुवात त्या वाक्यापासूनच करावी. कोणी चूक सांगायला आले, तर "असे कसे केलेस?" असे न म्हणता "बरे झाले सांगितलेस, नेमके काय झाले?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.

कार्यालयातही हेच लागू पडते. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांच्या अभ्यासात असे दिसले, की चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक होत होती, कारण तेथे चुकांबद्दल मोकळेपणाने बोलता येत होते. त्यामुळे वरिष्ठाने बैठकीत आधी स्वतःची चूक सांगावी, कानउघाडणी एकांतात करावी, आणि कोणाच्या गुजराती वळणाच्या मराठीला हसू नये. कामाची अपेक्षा मात्र कमी करू नये. न घाबरता चूक सांगता येण्याची सुरक्षितता म्हणजे कामात सूट नव्हे.

आपला आवाज चढलाच, तर त्याच दिवशी, सबबी न जोडता, माफी मागावी.