लिबरऑफिसमधील मराठी शुद्धलेखन तपासणी : या चुका टाळा

लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन संचातील लेखनासाठीच्या रायटरमध्ये मराठी लेख उघडला की एक तर पानभर लाल नागमोडी रेघा दिसतात, नाही तर एकही दिसत नाही, आणि दोन्ही प्रसंगी खापर शब्दकोशाच्या माथी फुटते. शब्दकोश अपुरा असू शकतो, हे मान्य. पण त्या निष्कर्षाला येण्याआधी तपासण्यासारख्या इतर गोष्टी आहेत आणि गडबड पुष्कळदा त्यांतच सापडते.

भाषेची खूण चुकीची असणे

सर्वांत घातक स्थिती म्हणजे एकही रेघ नसणे, कारण ती पाहून लेखक निर्धास्त होतो. लिबरऑफिस दस्तऐवजातील मजकुराला पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ अशा तीन गटांत वेगवेगळी भाषा लावते आणि देवनागरी तिसऱ्या गटात येते. अनेक जण टूल्स, ऑप्शन्स या वाटेने भाषांच्या पानावर जातात, ‘युजर इंटरफेस’समोर मराठी निवडतात आणि काम झाले असे समजतात. त्याने मेनू मराठीत येतात. तपासणीशी त्याचा काही संबंध नसतो. मराठी निवडायची ती दस्तऐवजाच्या भाषांमध्ये, तीही कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या रकान्यात. तेथील यादीत ज्या भाषेचा शब्दकोश बसवलेला आहे, तिच्या नावाशेजारी लहानशी बरोबरची खूण असते. मराठीपुढे ती नसेल, तर आधी मराठी शब्दकोशाचे एक्स्टेन्शन बसवावे आणि लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. हे शेवटचे पाऊल गाळल्यामुळेही ‘बसवले, पण चालत नाही’ अशी तक्रार उद्भवते.

एवढे करूनही जुन्या फाइलमध्ये फरक पडत नाही, याचे कारण असे की भाषा हा अक्षरांना चिकटलेला गुणधर्म आहे, अगदी ठळक किंवा तिरप्या अक्षरांसारखा. संकेतस्थळावरून किंवा दुसऱ्याच्या फाइलमधून आणलेला परिच्छेद हिंदीची खूण घेऊन आलेला असेल, तर त्यातील ‘आहे’ आणि ‘नाही’सुद्धा हिंदीच्या कोशात शोधले जातात आणि ‘आहे’ लाल होते. निदान सोपे आहे. नव्या ओळीवर मुद्दाम एक निरर्थक शब्द टंकित करावा. त्याखाली रेघ आली, तर भाषेची सेटिंग ठीक आहे आणि दोष आणलेल्या मजकुराच्या खुणेत आहे. रेघ आली नाही, तर आपोआप तपासणी बंद आहे का ते आधी पाहावे, कारण शिफ्ट आणि एफ ७ या कळा चुकून दाबल्या गेल्या तरी ती बंद होते. ती चालू असेल, तर दोष भाषेच्या सेटिंगमध्येच आहे.

खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर कर्सरखालील मजकुराची भाषा लिहिलेली असते. तेथे क्लिक करून निवडलेल्या मजकुराची, परिच्छेदाची किंवा सर्वच मजकुराची भाषा बदलता येते. नेहमी लिहिणाऱ्याने मात्र परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच मराठी ठरवून टाकावी आणि बाहेरचा मजकूर फॉरमॅटिंगविना पेस्ट करावा. रोजची डोकेदुखी टळते.

दिसायला तेच, आतून वेगळे

भाषा बरोबर असूनही ‘ॲप’ किंवा ‘दुसऱ्या’ यांसारखे साधे शब्द लाल होत असतील, तर अक्षरांच्या आत पाहावे लागते. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात, आणि काही कळफलकांवर आजही, ‘अ’ला चंद्र जोडून हेच अक्षर लिहिले जाते, हिंदीच्या कळफलकावरून तर तिसरेच चिन्ह येते, ज्यात चंद्र ‘ए’वर असतो. पहिली दोन रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. ‘दुसऱ्या’मधील अर्ध्या ‘र’चेही तसेच आहे : कोणी तो ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) वापरून लिहितो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. कोशात एकच रूप असले की दुसरे अशुद्ध ठरते.

शंका आल्यास अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबावे, म्हणजे अक्षराच्या जागी त्याचा सांकेतिक क्रमांक दिसतो. ०९७२ असेल तर ते एकसंध ‘ॲ’, ०९०५ आणि ०९४५ दिसले तर ती जोडणी. त्याच कळा पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते. कोणते रूप आहे हे कळल्यावर ‘शोधा आणि बदला’ वापरून संपूर्ण मजकूर एकाच रूपात आणावा. दोन्ही रूपे वैयक्तिक कोशात, म्हणजे आपण स्वतः जोडलेल्या शब्दांच्या यादीत, भरत बसणे हा उपाय नव्हे.

विसर्गाऐवजी कोलन टंकित करण्याची सवयही याच जातीची आहे. ‘दु:ख’ असे लिहिले की कोशाला ‘दुःख’ हा शब्द भेटतच नाही. आणि मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये असेल, तर पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरे असतात. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज तपासणीला अर्थ नाही.

‘कोशात जोडा’ची घाई

लिबरऑफिसमध्ये तपासणीचे काम करणारे हन्स्पेल हे सॉफ्टवेअर मुळात हंगेरियनसाठी घडले. ती भाषाही मराठीप्रमाणे शब्दाला प्रत्यय चिकटवत जाणारी, त्यामुळे यंत्रणा आपल्याला परकी नाही. तिच्या एका फाइलमध्ये मूळ शब्द असतात आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम. ‘विहीर’ या शब्दाला योग्य नियमाची खूण असेल, तरच ‘विहिरीत’ आणि ‘विहिरीजवळच्या’ ही रूपे ओळखली जातात, कारण तेथे नुसता प्रत्यय लागत नाही, तर ‘ही’ ऱ्हस्वही होते.

आपण उजवे क्लिक करून जोडतो तो शब्द मात्र तेवढ्याच रूपात जातो. गावाचे नाव जोडले, तरी ‘त’, ‘हून’, ‘चा’ लागलेली रूपे लालच राहतात. लिबरऑफिसच्या ६.० या आवृत्तीपासून वैयक्तिक कोशात नव्या शब्दासमोर नमुन्याचा शब्द देण्याची सोय आहे. नवा शब्द मग त्याच्यासारखेच प्रत्यय घेतो. त्यासाठी तो कोश ‘सर्व भाषां’साठी नव्हे, तर मराठीसाठी केलेला असावा लागतो आणि नमुन्याच्या शब्दाला मूळ कोशात नियम लागलेले असावे लागतात.

घाईत ‘फूलाला’ जोडले गेले, तर ती चूक पुढच्या प्रत्येक लेखात निमूट निसटते. ऑप्शन्समधील ‘रायटिंग एड्स’ या पानावर वैयक्तिक कोश उघडून ती काढता येते. खात्री नसेल तेव्हा ‘सर्वत्र दुर्लक्ष करा’ बरे. तो परिणाम लिबरऑफिस बंद होईपर्यंतच टिकतो.

कोशात शब्द शोधताना

लेखातला शब्द जसाच्या तसा उचलून ऑनलाइन कोशात टाकला की ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. ‘माणसांना’ नव्हे, ‘माणूस’ शोधावे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशासाठी आणखी एक पथ्य आहे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, तर अनुस्वार कमी करणारे आजचे लेखननियम शासनमान्य झाले १९६२ साली, पुढे १९७२मध्ये त्यांत भर पडली. साहजिकच ‘नाव’ शोधल्यास होडी हाती लागते. ओळखीसाठी लागते ते नाव तेथे ‘नांव’खाली आहे. अर्थासाठी हा कोश उत्तम आहे, आजचे लेखन ठरवण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये.

जे कोणताही कोश पकडत नाही

‘आचारी’चे अनेकवचनी रूप ‘आचाऱ्यांनी’, तर ‘आचार्य’चे ‘आचार्यांनी’. लग्नाच्या वृत्तांतात ‘आचार्यांनी जिलब्या तळल्या’ असे छापले गेले, तरी तपासणी गप्प बसेल, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचेही तेच. आपल्या लेखनात वारंवार गल्लत होणाऱ्या जोड्यांची यादी जवळ ठेवावी आणि लाल रेघा संपल्यावर त्या एकेक करून ‘शोधा’च्या चौकटीत घालून तपासाव्यात.