जुने सी-ड्वेलर घेण्यापूर्वीची तयारी

रोलेक्सचे सी-ड्वेलर १६६०० हे पाणबुड्यांसाठीचे घड्याळ मी आजवर दोनदा विकत घेतले आहे. पहिल्या वेळी बॉक्स, कागदपत्रे, अनुक्रमांक, तबकडी, पट्टा असे सारे भिंगाखाली तपासले आणि मागचे झाकण तेवढे उघडून घेतले नाही. विक्रेता म्हणाला, "साहेब, सील आहे, उघडलं की वॉटरप्रूफ राहत नाही," आणि त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी पैसे दिले. चार महिन्यांनी मनगट हलवले की आतून खरखर ऐकू येऊ लागली. घड्याळजीने झाकण फिरवून काढले तेव्हा रोटरचा, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून आपोआप चावी देणाऱ्या वजनाचा, आस झिजलेला होता, रोटर खालच्या प्लेटवर घासून गोल ओरखडे उमटले होते आणि चावीच्या (केसच्या बाजूला असलेल्या फिरवायच्या बटणाच्या) दांडीवर गंज चढला होता. तो गंज चार महिन्यांतला नव्हता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसऱ्या खरेदीपूर्वी मी केलेली तयारी संग्रहासाठी हेच घड्याळ शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडावी, म्हणून येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी घरबसल्या अभ्यास करावा. सी-ड्वेलर १९६७ साली आले ते ६१० मीटर खोलीसाठी. १९७८ मध्ये सफायर काचेचे १६६६० हे मॉडेल आले आणि खोली १२२० मीटर झाली. त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ३१३५ मशीन बसवलेले १६६०० आले, आणि २००८ मध्ये कितीतरी मोठे व जाड डीपसी हे मॉडेल आल्यावर ते बंद पडले. चाळीस मिलिमीटरची केस (बाहेरचे पोलादी कवच), तारखेवर फुगीर भिंग नाही, नऊच्या बाजूला हेलियमची झडप, ही त्याची ओळख. खोल समुद्रात कामे करणारे पाणबुडे दिवसेंदिवस हेलियममिश्रित हवेच्या दाबकक्षात राहतात. हेलियमचे बारीक अणू घड्याळात शिरतात आणि दाब उतरवताना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडते, म्हणून ही एकेरी झडप दिलेली आहे. आपल्यापैकी कोणाला तिची गरज पडणार नाही, पण केसला पडलेले ते आणखी एक छिद्र आहे आणि त्यालाही रबर आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

वीस वर्षे चाललेल्या उत्पादनात बारीक बदल होत गेले आणि खरी तपासणी त्यांच्यावरच उभी असते. साधारण १९९८ पर्यंतच्या तबकड्यांवर चमकणारा पदार्थ ट्रिटियम असे आणि सहाच्या खुणेखाली इवल्याशा अक्षरांत 'स्विस' या शब्दासोबत 'टी' व पंचवीसचा आकडा छापलेला असे. त्यानंतर थोडा काळ नुसतेच 'स्विस' आले आणि पुढे 'स्विस मेड'. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने १९९२ सालचे घड्याळ आज अंधारात फार वेळ उजळत राहता कामा नये. तसे उजळत राहिले, तर तबकडी तरी बदललेली आहे किंवा कोणी नव्याने रंग भरलेला आहे. अधिकृत सर्व्हिसिंगमध्ये नवी तबकडी बसवली गेली असेल तर ती अस्सलच असते, पण संग्राहकाच्या दृष्टीने घड्याळाचा जन्मकाळ आणि तबकडीचा काळ जुळत नाही, आणि भावात तो फरक दिसला पाहिजे. काट्यांचा आणि ठिपक्यांचा रंग सारखाच पिवळसर झालेला असावा. दोहोंपैकी एकच पांढरा असेल तर कारण विचारावे.

मॉडेलचा क्रमांक बाराच्या बाजूला आणि अनुक्रमांक सहाच्या बाजूला, पट्टा जिथे केसला जोडतो त्या दोन लगांच्या मध्ये कोरलेला असतो. पट्टा काढल्याशिवाय दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून पट्टा काढून दाखवायला सांगावे. अगदी शेवटच्या काळातल्या नगांवर काचेखालच्या आतल्या कड्यावर कंपनीचे नाव गोलाकार कोरलेले असते. १९९५ च्या नगावर ते दिसले तर तिथेच थांबावे.

केसच्या पॉलिशबद्दल लोक फार उदार असतात. 'नव्यासारखे चकचकीत' हे शब्द जाहिरातीत दिसले की मी तरी सावध होतो. मूळ घड्याळाच्या लगांचा वरचा भाग ब्रश केलेला, बाजू आरशासारख्या आणि दोहोंमधली कड स्पष्ट असते. वारंवार पॉलिश केलेल्या केसचे लग बारीक व गोलाकार होतात, चावीचे रक्षण करणारे दोन खांदे झिजतात आणि जुन्या नगांत लगांना असलेली आरपार छिद्रे कडेकडे सरकल्यासारखी दिसतात. गेलेले पोलाद परत आणता येत नाही. ओरखडे असलेली जाड केस मी केव्हाही पत्करेन.

आता झाकण. विक्रेत्याशी बोलताना पहिल्याच फोनवर सांगावे की व्यवहार घड्याळजीच्या टेबलावर होईल आणि पैसे देण्यापूर्वी मागचे झाकण उघडले जाईल. हे भेटीच्या दिवशी सांगितले तर वाद होतो आणि आपण प्रवास करून आलेलो असल्यामुळे भिडेला बळी पडतो. मी बळी पडलो होतो. उघडल्याने घड्याळ बिघडते हा समज खोटा आहे, कारण प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये ते उघडतातच. झाकणाच्या दातेरी कडेत नेमका बसणारा साचा लागतो आणि बंद करताना रबर तपासावे किंवा नवे घालावे लागते, एवढेच. त्याचा खर्च आपण देऊ असे आधीच सांगून टाकावे, म्हणजे त्या सबबीलाही जागा उरत नाही. उघडण्यापूर्वी झाकणाची कड भिंगाखाली पाहावी. दात्यांवर पकडीचे ओरखडे असतील तर आधी कोणीतरी चुकीच्या हत्याराने ते उघडलेले आहे, आणि असा माणूस आत आणखी काय करून गेला असेल याचा भरवसा नाही.

झाकण निघाल्यावर घाई करू नये. स्वतः पाहावे, घड्याळजीला पाहू द्यावे आणि टॉर्चच्या उजेडात फोटो काढावेत. मशीनवर ३१३५ कोरलेले दिसले पाहिजे. बॅलन्सचे, म्हणजे झुलत राहून वेळ राखणारे, चाक एका बाजूने टेकलेले नसून दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या पुलाखाली असते आणि त्याच्या आतल्या कडेला वेग साधण्यासाठी बारीक नट असतात. स्वयंचलित भागातली दोन चाके लालसर जांभळी असतात, मात्र नकली मशीनवरही हा रंग चढवतात, म्हणून एकट्या रंगावर समाधान मानू नये आणि याच कारणासाठी जाणकार घड्याळजी शेजारी हवा. त्यानंतर रोटर बोटाने हलकेच वर-खाली हलवून पाहायला सांगावे. या मशीनचा रोटर बॉल बेअरिंगवर फिरत नाही, तो एका आसावर फिरतो, आणि तेल आटून वर्षे लोटली की तो आस झिजतो. रोटर खाली झुकतो, प्लेटवर घासतो आणि धातूची बारीक पूड मशीनभर पसरते. प्लेटवर चकाकणारी कमानदार रेघ दिसली की समजावे. शेवटी चावीची दांडी आणि तिच्याभोवतीचे भाग गंजासाठी पाहावेत, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरते. चावीवर रोलेक्सच्या मुकुटाच्या चिन्हाखाली तीन ठिपके असतात आणि आत एकाहून अधिक रबरे असतात, तरी वीस वर्षांनी रबर कडक होणारच. हे सारे पाहायला वीसेक मिनिटे लागतात. पहिल्या वेळी ती वीस मिनिटे मी वाचवली आणि पुढे रोटर, आस, दांडी व पूर्ण सर्व्हिसिंग यांसाठी सुटे भाग मिळण्याची वाट पाहण्यात पावसाळा गेला. हे भाग स्वतंत्र कारागिरांना सहज मिळत नाहीत, हेही तेव्हाच कळले.

बाहेरून ऐकून किंवा टाइमग्राफर (टिकटिक ऐकून चाल मोजणारे यंत्र) लावून हे कळत नाही का, असे विचारले जाते. काही अंशी कळते. टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (मशीननुसार यंत्रात भरायचा कोन) ५२ अंश ठेवून, पूर्ण चावी दिलेल्या घड्याळाचा ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सच्या झोक्याचा कोन) तबकडी वर ठेवून २७० अंशांच्या आसपास किंवा अधिक असावा आणि वेगवेगळ्या स्थितींतला दररोजचा फरक फार विखुरलेला नसावा. माझ्या पहिल्या घड्याळाचे आकडे उत्तम होते. गंज दांडीवर होता आणि झीज रोटरला होती. चाल सांगणाऱ्या यंत्राला या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. म्हणून आकडे कितीही चांगले आले तरी झाकण उघडायचेच.

झाकण बंद झाल्यावर दाबाची चाचणी घ्यावी. अनेक छोट्या दुकानांतले कोरडे चाचणी-यंत्र हवेच्या दाबाखाली केस किती दबते व पुन्हा फुगते ते मोजते. १२२० मीटरचा दाब त्यावर देता येत नाही, पण गळती आहे की नाही हे दहा बार दाबावरही उघड होते. यंत्र नसेल तर घड्याळ थोडे कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि तो पुसल्यावर आतून धुके धरते का ते पाहतात. धुके दिसले तर आत ओल आहे. मालवणच्या समुद्रात उतरण्याचा विचार असेल तर पूर्ण सर्व्हिसिंग आणि नवी रबरे घातल्याशिवाय उतरू नये. तबकडीवर छापलेला खोलीचा आकडा घड्याळ नवे असतानाचा आहे.

पट्ट्याच्या कड्या मोजाव्यात. आधीचा मालक बारीक मनगटाचा असेल तर काढून ठेवलेल्या कड्या हरवलेल्या असतात आणि अस्सल कड्या सुट्या मिळवणे महागात जाते. पट्टा आडवा धरून किती लोंबतो तेही पाहावे. क्लास्प, म्हणजे पट्टा बंद करणारी पकड, पातळ पत्र्याचा असतो, तो किंचित ढिला असणे क्षम्य आहे. त्याच्या आतल्या सांकेतिक अक्षरांवरून पट्ट्याचा काळ कळतो आणि तो केसच्या काळाशी जुळावा. बेझल (काचेभोवतीचे फिरणारे कडे) एकाच दिशेने, टकटक आवाज करत फिरावे. बारावरचा चमकणारा ठिपका हरवलेला असला तरी चालेल.

कागदांवर मी पूर्वी फार वेळ घालवत असे आणि आता तुलनेने कमी घालवतो. जुन्या हमीपत्रावर अनुक्रमांक छिद्रे पाडून टोचलेला असतो. तो केसवरच्या क्रमांकाशी अंक न अंक जुळला की पुरे. कागद असल्याने आतला गंज कमी होत नाही. कागद नसतील तर भाव कमी करून घ्यावा. चोरीच्या मालासाठी लंडनच्या द वॉच रजिस्टरकडे अनुक्रमांक तपासून मिळतो. ही तपासणी पैसे भरून करावी लागते, पण मोठ्या खरेदीत ती करावीच, आणि भेटीला जाण्यापूर्वी करावी.

पैसे बँकेतूनच द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे २०१७ पासून कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे 'रोख दिलेत तर कमी करतो' हे बोलणे ऐकूही नये. दुकानातून घेताना किंमत दहा लाखांवर गेली तर २२ एप्रिल २०२५ पासून मनगटी घड्याळांवर एक टक्का कर विक्रेता वसूल करतो, त्याची पावती घ्यावी. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. परदेशातून आणणार असाल तर विमानतळावर रेड चॅनेलमध्ये (कस्टमकडे सामान जाहीर करण्याच्या मार्गात) जाहीर करावे. मनगटावर घालून निघून येण्याचा सल्ला देणारे भेटतात, तो मानू नये. विमा काढावा.

निघताना पिशवीत दहापट दाखवणारे भिंग, छोटी टॉर्च, पट्टा काढायचे हत्यार आणि मोबाइलमध्ये संदर्भासाठी अस्सल मशीनचे चांगले फोटो. घड्याळजीची वेळ आदल्या दिवशी पुन्हा पक्की करावी. माझ्या दुसऱ्या खरेदीत हे घड्याळ विकायला आणलेल्या गृहस्थांनी 'उघडायची काय गरज' असे एकदा विचारले. मी फक्त म्हणालो, "उघडल्याशिवाय घेणार नाही." त्यांनी हरकत घेतली नाही आणि आत मशीन स्वच्छ निघाले. त्याआधी एकाने नकार दिला होता, तेव्हा मी नमस्कार करून उठून आलो. झाकण उघडू न देणाऱ्याकडून यापुढेही घेणार नाही, मग घड्याळ कितीही दुर्मीळ असो.