सरकारी प्राथमिक शाळेचे वार्षिक अनुदान: पालकांनी कसे लक्ष घालावे

गोव्यातल्या सत्तरी, पेडणे, डिचोली भागातल्या कित्येक मराठी सरकारी प्राथमिक शाळांचा पट तिसाच्या आत आहे. खडू, झाडू, वीजबिल, नळाची किरकोळ दुरुस्ती अशा रोजच्या खर्चासाठी या शाळांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला एक रक्कम मिळते. शाळेत तिला कंपोझिट ग्रँट म्हणतात. गोव्यात योजनेच्या खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा. शिक्षकांचा पगार या अनुदानात धरलेला नाही.

आधी आपल्या शाळेला किती मिळायला हवे ते काढा. योजनेच्या निकषांप्रमाणे 30 मुलांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 मुलांना 25,000, 101 ते 250 ला 50,000. म्हणजे पट तीसचा एकतीस झाला की मर्यादा एकदम 15,000 ने वाढते. म्हणूनच यू-डायसवरची, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची, पटाची नोंद मुख्याध्यापकांसोबत बसून, हजेरीपटाशी नावानिशी ताडून पाहा. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात बसतात, पण जुन्या शाळेतून नोंद हलवलेली नसली तर ती आपल्या पटावर दिसत नाहीत. एवढे एकच काम केलेत तरी शाळेचे भले होईल. पट फुगवायचा मात्र अजिबात नाही.

मग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे याच कलमाने समितीवर सोपवलेले काम आहे. त्यामुळे ‘हिशेब दाखवा’ म्हणताना कुणी संकोच बाळगू नये. मुख्याध्यापकांवर संशय घेतल्यासारखेही ते होत नाही. उलट एकशिक्षकी शाळेत शिकवणे आणि कागदपत्रे दोन्ही सांभाळणाऱ्या बाईंना त्याचा आधारच वाटतो.

बैठकीत गरजांची यादी करा आणि ती पावसाच्या हिशेबाने लावा. आपल्याकडे जूनमध्ये फुटक्या कौलातून पाणी थेट फळ्यावर उतरते, भिंत फुगते, कपाटातली पुस्तके बुरसतात. तेव्हा कौले आणि पन्हळी मे महिन्यातच बघून घ्या. रकमेतला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हावा असा निकष आहे. 10,000 मधले 1,000 रुपये साबण, फिनेल आणि मुलींच्या शौचालयाच्या कडीसाठी आधीच बाजूला काढा. छप्पर मोठ्या प्रमाणावर बदलायचे असेल तर ही रक्कम पुरणार नाही. त्यासाठी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळा लेखी प्रस्ताव पाठवा आणि प्रतीवर पोच घ्या. ग्रंथालय आणि खेळाच्या साहित्यासाठीही योजनेत स्वतंत्र तरतूद आहे, ती या पैशांतून भागवू नका.

खर्चाचा ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. प्रत्येक खरेदीचे पक्के बिल हवे, आणि टिकाऊ वस्तू जडसंग्रह वहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, डेड स्टॉक रजिस्टर) चढवायला हवी. पैसे उशिरा आले तरी आर्थिक वर्ष 31 मार्चलाच संपते. यादी आणि दरपत्रके आधीच तयार असली तर शेवटच्या आठवड्यात नको त्या वस्तू घेण्याची पाळी येत नाही. त्यानंतर विनियोग प्रमाणपत्राची, म्हणजे पैसे ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याच्या दाखल्याची, एक प्रत समितीच्या फायलीत लावून घ्या.

रक्कम आलीच नाही, तर आधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी विचारणा करा. उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकाराखाली अर्ज द्या. त्याचे उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.