वादळाआधी छपरावरची टाकी काठोकाठ भरा

३ जून २०२०. श्रीवर्धनजवळ निसर्ग वादळ धडकलं, तेव्हा पत्र्यांसोबत प्लास्टिकच्या टाक्याही उडाल्या. मग कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही, म्हणजे पंपही बंद.

रिकामी टाकी वाऱ्याला लगेच सापडते. भरलेल्या ५०० लिटरच्या टाकीत अर्धा टन पाणी असतं. म्हणून इशारा मिळाला की, वीज असतानाच:

१. टाकी काठोकाठ भरा.
२. झाकणावरून नायलॉनची दोरी घेऊन टाकीभोवती घट्ट आवळा. झाकण उडालं तर पाण्यात पालापाचोळा पडलाच म्हणून समजा.
३. टाकीखालचा कॉक बंद करा. पाइप तुटला तरी पाणी वाचतं, आणि हे हमखास विसरतं.

मात्र टाकीचा लोखंडी स्टँड गंजलेला असेल तर टाकी रिकामी करून खाली उतरवा. पाणी घरात पिंपात साठवा.