स्पायरियाला कात्री कधी लावायची

न्यू जर्सीत घर घेतलं, त्या पहिल्याच मार्चमध्ये मी अंगणातला स्पायरिया, म्हणजे एक फुलझुडूप, गुडघ्याएवढा छाटून टाकला. वाळक्या काटक्यांचा भाराच वाटत होता हो! मे महिन्यात शेजारणीच्या झुडपावर पांढऱ्या फुलांचे गजरे लोंबत होते आणि माझ्याकडे नुसता पाला.

तर आधी तुमचं झुडूप फुलतं कधी ते बघा. वसंतात पांढरा फुलणारा 'व्हॅनहूट' जातीचा स्पायरिया गेल्या वर्षीच्या फांद्यांवर कळ्या धरतो. त्याची छाटणी फुलं झडल्या-झडल्या, जूनमध्ये. तीन-चार जुनाट, करड्या फांद्या थेट जमिनीलगत कापा. नुसते शेंडे खुडत बसलात तर वर खराटा तयार होतो. उन्हाळ्यात गुलाबी फुलणारा जपानी स्पायरिया नव्या फुटीवर कळ्या धरतो, त्याला मार्चमध्येच निम्म्यावर आणा. मात्र तो बी टाकून रानात पसरतो, म्हणून सुकलेले तुरे मी लगेच कापते.

लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र तेवढीच. सहा तास ऊन हवं. पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा मुरेपर्यंत पाणी. हरणांची काळजी नको. माझ्या ट्यूलिपचा फडशा पाडतात, याच्या वाटेला सहसा जात नाहीत.