बोअरच्या पाण्यात दाढीचा फेस आणायचा तर

बीड-लातूरकडं बोअरचं पाणी बहुतेक क्षाराचं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साका करतं, आणि आपण उगीच वडीला नावं ठेवतो. दाढीपुरतं वाटीभर आरओचं पाणी घ्या. नसेल तर बोअरचंच उकळून, निवळू देऊन वरचं. ब्रश कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवून झटका (नायलॉनचा असेल तर नुसता ओला केला तरी भागतं). मग अर्धा मिनिट तरी वडीवर घोळवा. इथंच सगळे घाई करतात! ब्रशला दाट लगदा चढला पाहिजे. पाणी त्यानंतर, थेंबाथेंबानं, गालावर गोल फिरवत. मोठे बुडबुडे दिसले की पाणी जास्त झालं. पुन्हा वडीवर फिरवा. फेस सायीसारखा दाट, चकचकीत हवा.