केनियाच्या खेड्यातल्या पोरक्या मुलाचं शिक्षण उचलायचंय? आधी त्याच्या आजीचं घर बघा

गेल्या महिन्याभरात सांगलीकडच्या तीन जणांनी विचारलं की तुमच्या तिकडचं एखादं अनाथ मूल दत्तक घ्यायचंय, महिन्याला किती पाठवू, कुठं पाठवू. तिघांनाही मोठमोठ्या व्हॉइस नोट पाठवल्या, मग म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं. आम्ही नऊ वर्षं पश्चिम केनियात आहोत, किसुमूच्या जवळच्या ऊसपट्ट्यात, नवरा साखर कारखान्यात आहे. जे लिहितेय ते ह्याच भागाचं आहे, किसुमू, सियाया, होमा बे, मिगोरी. अख्ख्या आफ्रिकेला एकच नियम लागू होत नाही, मलावीत किंवा युगांडात कायदे वेगळे, शाळांचं गणित वेगळं.

आधी एक शब्द दुरुस्त करा. दत्तक नाही, शैक्षणिक पालकत्व म्हणा. केनियानं नोव्हेंबर २०१४ मध्ये परदेशी लोकांना मुलं दत्तक देणं थांबवलं, त्यामुळे कुणी 'कागद करून देतो, मूल घेऊन जा' म्हणाला तर तिथंच फोन ठेवा. तुम्ही फक्त खर्च उचलणार आहात, मूल त्याच्या माणसांचंच राहणार आहे, आणि ते तसंच राहावं हेच तर सगळं काम आहे.

आता अनाथ म्हणजे कोण हे समजून घ्या कारण इथंच बहुतेक जण फसतात. युनिसेफच्या हिशोबात आईबापांपैकी एक जरी गेला तरी मूल अनाथ धरतात. म्हणजे आकडे ऐकून आपल्या डोळ्यांपुढं रस्त्यावरचं एकटं पोर येतं, पण खरं चित्र वेगळं असतं, बऱ्याच मुलांची आई असते किंवा बाप असतो, आणि दोघंही नसले तर आजी असते, काका काकू असतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या ह्या जिल्ह्यांत एचआयव्हीचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, नव्वदच्या दशकात आणि २००० नंतर काही वर्षं इथं मधली पिढीच्या पिढी गेली. औषधं आली तेव्हा कुठं ते थांबलं. त्या काळात नातवंडं सांभाळायची सवय लागलेल्या म्हाताऱ्या अजून सांभाळतायत. लुओ लोक आजीला दानी म्हणतात. एकेका दानीकडं चार चार, पाच पाच नातवंडं बघितलीयेत मी, अर्धा एकर मका, दोन शेळ्या आणि बाकी सगळं उधारीवर.

तर पालकत्व घ्यायचं ते ह्या घराचं घ्या. एकट्या पोराचं घेऊ नका.

सुरुवातीला आम्हीही चूक केलीय. जवळच्याच एका बालगृहाला दोन वर्षं पैसे देत होतो, स्वच्छ जागा, मुलं गाणी म्हणायची, पाहुणा आला की सगळी रांगेत उभी. नंतर कळलं की आम्ही ज्या मुलाचा खर्च देत होतो त्याची आई सात किलोमीटरवर राहते, विधवा आहे, फी भरता येईना म्हणून तिनं पोराला तिथं सोडलं होतं. जेवढे पैसे आम्ही बालगृहाला देत होतो त्यात ते मूल आईजवळ राहून शिकलं असतं आणि धाकट्या बहिणीचंही भागलं असतं. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. आपण पैसे देतो म्हणून बालगृहं भरतात हे कुणी आधी सांगत नाही. केनिया सरकारनंही हे ओळखलंय, नवीन बालगृहांची नोंदणी २०१७ मध्येच थांबवली आणि आता २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा आराखडा आहे की मुलं संस्थांतून घरांकडं न्यायची. म्हणून संस्था निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा, मुलं रात्री कुठं झोपतात? 'आमच्या होस्टेलवर' असं उत्तर आलं तर का, किती दिवस, घरी परत पाठवायचा काय प्लॅन आहे, हे सगळं खोदून विचारा.

संस्था दोन प्रकारच्या असतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था तुम्हाला एका मुलाचा फोटो आणि पत्रं देतात, पण पैसे बहुतेक वेळा अख्ख्या गावाच्या कामात जातात, विहीर, शाळा, पोषण वगैरे. ह्यात फसवणूक नाही, फक्त तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. ॲक्शनएडची सुरुवातच १९७२ मध्ये भारत आणि केनियातल्या ८८ मुलांच्या पालकत्वानं झाली, तेव्हा हा आपला आणि केनियाचा धागा जुना आहे. दुसऱ्या म्हणजे छोट्या गावपातळीवरच्या संस्था, ज्या थेट फी भरतात, वह्या देतात. त्यांचा हिशोब डोळ्यांनी बघता येतो, पण एकदोन माणसांवर सगळं चालतं, तो माणूस गेला की संपलं. मला स्वतःला छोट्या संस्था आवडतात पण फक्त इथं कुणीतरी ओळखीचं असेल तरच. सांगलीत बसून कुणालाच ओळखत नसाल तर मोठीच धरा.

छोटी संस्था असेल तर हे बघा. एक, सरकारी नोंदणी. मे २०२४ पासून पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन्सचा नवा कायदा लागू आहे, जुनं एनजीओ बोर्ड जाऊन त्या जागी नवं प्राधिकरण आलंय, नोंदणी नंबर मागा आणि तिथं विचारून खात्री करा. दोन, सब-काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाच्या, चिल्ड्रन्स ऑफिसरला ही संस्था माहीत आहे का. हा सरकारी माणूस असतो, आणि चांगल्या संस्थेचं त्याच्याशी येणं-जाणं असतंच. गावचा चीफ आणि असिस्टंट चीफ यांनाही कोणाचं घर खरंच अडचणीत आहे ते माहीत असतं, पण फक्त चीफच्या यादीवर जाऊ नका, त्याचे भाऊबंद यादीत आधी येतात, हे काय आपल्याला नवीन नाही. गावातल्या बायकांच्या चामाला विचारा. चामा म्हणजे आपली भिशीच हो, दर आठवड्याला झाडाखाली बसतात, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्या बायकांना चीफच्या आधी कळतं.

किती पैसे लागतात? इथं लोक गोंधळतात कारण केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे आणि डे सेकंडरीची, म्हणजे घरून जाऊन-येऊन करायच्या माध्यमिक शाळेची, फीही सरकार भरतं. मग खर्च कसला? गणवेश, बूट, वह्या, परीक्षेचे पैसे, आणि दुपारचं जेवण, डे स्कूलमध्ये ते पैसे भरले नाहीत की पोराला घरी पाठवतात. गणवेश ही छोटी गोष्ट समजू नका. ह्याच पश्चिम केनियात एस्थर डुफ्लो, पास्कलीन दुपा आणि मायकेल क्रेमर यांनी मोठा अभ्यास केला, प्राथमिकच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना नुसते मोफत गणवेश दिले, तर गळती कमी झाली आणि मुलींची लवकरची लग्नं आणि गरोदरपणं सुद्धा कमी झाली. खरा मोठा खर्च बोर्डिंगला येतो, राष्ट्रीय दर्जाच्या शाळांची सरकारनं ठरवलेली वर्षाची फी ५३,५५४ शिलिंग आहे, वर गादी, पेटी, प्रवास. शिलिंग आपल्या रुपयापेक्षा थोडा स्वस्त पडतो, डॉलरला साधारण १२९. म्हणून मूल पाचवीत असताना 'थोडेच तर आहेत' म्हणून हो म्हणू नका, दहावी ते बारावीचा हिशोब आधी मांडा. मध्येच सोडणं हे सुरूच न करण्यापेक्षा वाईट. सिनियर स्कूलच्या, म्हणजे ह्याच दहावी ते बारावीच्या, दुसऱ्या वर्षी फी थांबली की त्या पोराला परत मक्याच्या शेतात किंवा बोडाबोडावर जावं लागतं, बोडाबोडा म्हणजे इथली मोटारसायकल टॅक्सी. एकट्याला जमत नसेल तर भावंडं, मित्र मिळून चार जणांनी एक घर घ्या, एकाची नोकरी गेली तरी तिघं उरतात.

आता ज्या गोष्टी पत्रकात कुणी छापत नाही पण सगळ्यात आधी करायच्या असतात त्या सांगते. जन्मदाखला. बऱ्याच मुलांकडं नसतो, आईबाप गेल्यावर काढणार कोण, आणि त्याशिवाय शाळेच्या सरकारी सिस्टीममध्ये नोंद अडते, बोर्डाच्या परीक्षेला अडते. चीफचं पत्र, आईबापाचे मृत्यूचे दाखले, चकरा, दानीला हे झेपत नाही. तुमच्या पहिल्या पैशातून कुणाला तरी हे काम करायला लावा. मग आरोग्य विमा, ऑक्टोबर २०२४ पासून एनएचआयएफ ही जुनी सरकारी विमा योजना जाऊन एसएचए ही नवी आलीय, पगार नसलेल्या घराला किमान महिना ३०० शिलिंग पण वर्षाचे एकदम भरावे लागतात, ३,६०० शिलिंग एकरकमी दानी कुठून आणणार? ते तुम्ही भरा, दानी आजारी पडली की पोरांची शाळा बुडते हे मी कितीदा बघितलंय. सरकारची अनाथ मुलांच्या घरांसाठी महिना २,००० शिलिंगची मदत पण आहे, ती ह्या घराला मिळते का ते विचारा, नाव नसेल तर चिल्ड्रन्स ऑफिसरकडं मागं लागायला सांगा. आणि जमीन! आजोबाच्या नावावरची जमीन, वारस नोंद झालेली नाही, बाप गेला, आणि चुलता बांध सरकवतोय. सातबारावर भांडलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. वकिलाची एक फी कधी कधी तीन वर्षांच्या वह्यांपेक्षा जास्त उपयोगाची असते.

मुलगी असेल तर पॅडचे पैसे वेगळे धरा. २०१७ च्या कायद्यानं शाळेत मोफत द्यायचे आहेत, पण येतील तेव्हा येतील. आणि मुलगी गरोदर राहिली तर पैसे बंद करू नका, कळकळीनं सांगते. बाळंतपणानंतर तिला परत शाळेत घ्यायचं असा सरकारी नियम आहे, त्या वर्षीच तिला तुमची सगळ्यात जास्त गरज असते.

पैसे कसे पाठवायचे. भारतात राहणाऱ्या माणसाला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपलं काम त्यातल्या चिमूटभरातच होतं. बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म, कारण देणगी. वर्षाची रक्कम दहा लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही. पण देणगीवरची ८०जी ची आयकर सूट मिळणार नाही हे आधीच धरून चाला, ती परदेशी संस्थेला लागू नाही. दर महिन्याला पाठवलं तर बँकेचं कमिशनच खातं, त्यामुळे टर्मला एकदा पाठवा. इथं शाळा जानेवारीत सुरू होते, तीन टर्म, जानेवारी, एप्रिलची अखेर आणि ऑगस्टची अखेर. कुणाच्या वैयक्तिक एम-पेसावर, म्हणजे इथल्या मोबाइलवरच्या पैशाच्या खात्यावर, पाठवू नका, माणूस कितीही गोड बोलणारा असो. फी थेट शाळेच्या खात्यात आणि शिक्क्याची पावती, एवढं पाळा. नैरोबीत किंवा किसुमूत ओळखीचं मराठी घर असेल तर त्यांना वर्षातून एकदा शाळेत चक्कर मारायला सांगा, आम्ही जातोच.

फोटोबद्दल. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळेचं नाव फेसबुकवर टाकू नका, 'माझी लेक केनियात' म्हणून तर नाहीच. तिचे आईबाप कशानं गेले ते विचारू नका, तिला स्वतःला काही आजार आहे का ते तर अजिबात नाही, उद्या वर्गात कुणी तो फोटो दाखवला तर? पत्र लिहा, पण संस्थेमार्फत. काय लिहायचं कळत नाही म्हणतात लोक. अहो पावसाचं लिहा. मार्च ते मे इथं मोठा पाऊस, मका पेरलेला असतो, तुमचा पाऊस कसा झाला ते लिहा, गुऱ्हाळाचं लिहा, इथली पोरंही ट्रॅक्टरमागं पळून ऊस ओढतात, अगदी आपल्यासारखी. आमच्या ओळखीच्या एका मुलीनं तासगावहून आलेलं एक पत्र दप्तरात ठेवून ठेवून पार फाटवलंय. तुमचं घर, गाडी याचे फोटो नकोत, आणि 'तुला भारतात बोलवेन' असलं काही लिहू नका, ते मूल खरं धरून बसतं.

ह्यानं खरंच फरक पडतो का असं विचारतात. सहा देशांत एक अभ्यास झाला, केनिया, युगांडा आणि भारत पण होता त्यात, २०१३ मध्ये छापून आला, पालकत्व मिळालेली मुलं मोठी झाल्यावर मोजली तर ती सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली निघाली. एका मोठ्या संस्थेचाच कार्यक्रम होता तो, सगळ्यांना तेच लागू होईल असं नाही. पण सध्या गरज वाढलीय हे मी रोज बघते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा इथं अनाथ मुलांच्या घरी जाणारे कार्यकर्ते एकाएकी बंद झाले, दानीला औषधाची तारीख आठवण करून देणारं, पोराचं वजन बघणारं माणूस येईनासं झालं.

तेव्हा घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच ठरवा. नोव्हेंबरात कळवलंत तर जन्मदाखल्याच्या चकरा डिसेंबरच्या सुट्टीत होतात, आणि शिंप्याला गणवेश शिवायला वेळ मिळतो, जानेवारीत सगळे एकदमच येतात त्याच्याकडं.